‘वैराने वैर शमत नाही’, मग तक्रार करायची की नाही?

जय भीम.

प्रश्न विचारणारा मुलगा चोवीस-पंचवीसचा आहे, घाटकोपरला राहतो, पवईत नोकरीला आहे. महिन्याभरापूर्वी मीटिंगमध्ये त्याच्या टीम लीडने सात-आठ जणांसमोर त्याच्या जातीचं नाव घेऊन सुनावलं, ‘ह्यांना सगळं आयतं मिळतं, डोकं कुठून आणणार.’ बाकीचे हसले. वडील म्हणतात, तथागतांनीच सांगितलंय की वैराने वैर शमत नाही, सोडून दे, नोकरी सांभाळ. गल्लीतले मित्र म्हणतात, गेटबाहेर गाठू आणि दोन ठेवून देऊ. तो स्वतः म्हणतो, ‘मला तक्रार करायचीय, पण त्या माणसाचा चेहरा आठवला तरी अंगाचा तिळपापड होतो. इतका द्वेष मनात ठेवून केलेली तक्रार धम्मात बसते का?’

तू माझ्या मुलापेक्षा लहान आहेस, म्हणून ‘तू’च म्हणते. उत्तर आधी देते, कारण नंतर देते. तक्रार कर. मारायला जाऊ नकोस. आणि मन शुद्ध होईपर्यंत थांबू नकोस. मन शुद्ध व्हायला किती वर्षं लागतील ते कुणी सांगू शकत नाही, साक्षीदार मात्र सहा महिन्यांत नोकऱ्या बदलतात.

चेंबूर-गोवंडीच्या पट्ट्यात मी तीस वर्षं रविवारचा धम्मवर्ग घेते. त्याच्याही आधीपासून कंत्राटी सफाई कामगारांचे अर्ज, तक्रारी, जबाब लिहून देते. ही दोन कामं वेगळी आहेत असं मला कधी वाटलं नाही. तुझा प्रश्न या दोन्हींच्या बरोबर मधोमध पडतो, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

आधी वडिलांची गाथा. ‘न हि वेरेन वेरानि सम्मन्तीध कुदाचनं, अवेरेन च सम्मन्ति एस धम्मो सनन्तनो.’ धम्मपदातली पाचवी. विहाराच्या भिंतीवर रंगवलेली असते, लग्नपत्रिकेवरसुद्धा छापलेली पाहिलीय मी. पण ती कुणाला उद्देशून म्हटली, हे विचारलं तर वर्गात शंभरातले दोन हात वर होतात. अट्ठकथेत, म्हणजे धम्मपदावरच्या जुन्या भाष्यात, तिची गोष्ट आहे. एका घरात दोन सवती. मूल न होणारीने दुसरीचे गर्भ औषध घालून पाडले, तिसऱ्या वेळी ती बाईच मेली आणि मरताना सूडाची शपथ घेऊन मेली. मग जन्मामागून जन्म. एक मांजर तर दुसरी कोंबडी, एक हरिणी तर दुसरी बिबळीण, आणि दर वेळी एकीने दुसरीची पिल्लं खायची. शेवटी श्रावस्तीत एक झाली घरंदाज बाई आणि दुसरी यक्षिणी. यक्षिणीने तिची दोन मुलं खाल्ली. तिसरं कडेवर घेऊन ही बाई नवऱ्याबरोबर माहेराहून परत येत होती. जेतवन विहाराजवळच्या तळ्यावर नवरा अंघोळीला उतरला आणि हिला यक्षिणी येताना दिसली. ती जी पळत सुटली ती थेट विहारात, आणि पोर तथागतांच्या पायाशी ठेवलं.

आता पुढे काय झालं ते क्रमाने बघ. यक्षिणीला आधी दारातच अडवलं गेलं. मग तथागतांनी शिष्य आनंदाला पाठवून तिला आत बोलावलं. दोघी समोरासमोर आल्या तेव्हा ही गाथा म्हटली. यक्षिणीचं मन पालटलं आणि त्यानंतरच ते बाईला म्हणाले, पोर तिच्या हातात दे. बाई म्हणाली, भीती वाटते. भिऊ नकोस, दे. यक्षिणीने पोराचा मुका घेतला, परत दिलं आणि रडायला लागली. का रडतेस? तर म्हणाली, आजवर कसंबसं पोट भरत होते, आता काय खाऊ? तेव्हा तथागतांनी त्याच बाईला सांगितलं, हिला घरी ने, चांगली पेज करून घाल. बाईने नेलं. तिला ठेवायची जागाही एकदम जमली नाही. मुसळाच्या जागेपाशी ठेवली तर तिला वाटे घाव आपल्याच डोक्यावर पडतायत. जागा बदलत बदलत शेवटी गावाबाहेर निवांत ठिकाण मिळालं. मग ती त्या बाईला सांगायला लागली, यंदा पाऊस बरा आहे, उंचावर पेर. यंदा ओढ आहे, खोलगटात पेर. पुढे सगळं गाव तिला जेवण पोचवू लागलं.

मी ही गोष्ट इतक्या तपशिलाने का सांगते? कारण ‘सोडून दे’ म्हणणारी माणसं तिच्यातलं दार काढून टाकतात. तथागतांनी त्या आईला रस्त्यातच उभं राहून गाथा म्हणायला सांगितलं नव्हतं. आधी पोर वाचलं, दार लागलं, मग बोलणं झालं. आणि बोलण्यावरही थांबलं नाही. रोजचं जेवण आणि राहायची जागा हे दोन प्रश्न सुटले तेव्हा कुठे ते वैर संपलं. जेवण आणि जागा. मुंबईत राहणाऱ्याला यावर वेगळं प्रवचन नको.

तुझ्या बाबतीत ते दार अजून लागलेलं नाही. तो माणूस उद्याच्या मीटिंगमध्ये पुन्हा तेच बोलू शकतो. तक्रार म्हणजे ते दार.

दुसरी गाथा मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती भिंतीवर फारशी दिसत नाही. ‘सब्बे तसन्ति दण्डस्स, सब्बे भायन्ति मच्चुनो, अत्तानं उपमं कत्वा न हनेय्य न घातये.’ दंडाला सगळेच घाबरतात, मरणाला सगळेच भितात. स्वतःवरून ओळखून कुणाला मारू नये, मारवू नये. घातये. हा एक शब्द मी पंधरा-वीस वर्षं नुसता म्हणत होते.

मग एका मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीच्या सफाईत, पूर्व उपनगरात दोन पोरं गटाराच्या चेंबरमध्ये गेली. पहिला उतरला आणि आवाज यायचा बंद झाला. दुसरा त्याला काढायला उतरला. गटारात साचलेल्या त्या वायूचं असं आहे की थोडा असला तर कुजक्या अंड्याचा वास येतो, आणि फार असला तर नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं हवा निवळली. दोघंही वर आले ते दोरीने ओढलेले.

शवागाराच्या फाटकाबाहेर आम्ही रात्री नऊपासून उभे. पन्नासेक पोरं जमली होती आणि रस्त्याचं काम चालू होतं, म्हणजे पेव्हर ब्लॉकचा ढीग शेजारीच. चार-पाच जणांच्या हातात ब्लॉक आले होते. तेवढ्यात कंत्राटदाराचा सुपरवायझर बाईकवरून आला. त्याच्याजवळ पाकीट होतं आणि एक टाईप केलेला कागद: ‘सदर इसम स्वतःच्या मर्जीने विनासूचना चेंबरमध्ये उतरला.’ खाली बायकोच्या अंगठ्यासाठी जागा सोडलेली. ती पायरीवर बसली होती, नवऱ्याच्या चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर घेतलेल्या. तिने कागद हातात घेतला आणि मला दिला, कारण तिला वाचता येत नव्हतं.

मी तेव्हा गाथा म्हटली नाही. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मलाही एक ब्लॉक उचलावासा वाटला. पण प्रेतं अजून आत होती. दगड पडला असता तर लाठ्या पडल्या असत्या, पोरं आत गेली असती आणि सकाळच्या बातमीत दोन मेलेल्यांऐवजी ‘रुग्णालयाबाहेर तणाव’ आलं असतं. सर्वांत पुढे जो पोरगा होता त्याला मी विचारलं, तुझं अक्षर कसं आहे? तो गोंधळला. म्हटलं, लिही: सकाळी हजेरी कुणी घेतली, खाली उतर कुणी म्हटलं, किती वाजता, पट्टा होता का, मास्क होता का, झाकण किती वेळ उघडं ठेवलं होतं, वर कोण कोण उभं होतं. लिहायला हात मोकळा लागतो. त्याने ब्लॉक खाली ठेवला. वहीची अडीच पानं भरली त्या रात्री. त्या अडीच पानांवर पुढची सगळी केस उभी राहिली. हाताने मैला उपसायला लावणं आणि सुरक्षासाधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं याला बंदी घालणारा कायदा २०१३ चा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली, आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली. आमच्या बाईला जुन्या दराने मिळाले, तेही तीन वर्षं चपला झिजवून. फौजदारी खटला अजून तारखांवर आहे.

आता इथे एक अडचण आहे आणि ती मी वर्गात लपवत नाही. ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’, चेतनेलाच मी कर्म म्हणतो, असं तथागतांचं वचन आहे. हिंसा ठरायला जिवंत प्राणी, तो जिवंत असल्याची जाणीव, मारायची इच्छा, प्रयत्न आणि मृत्यू अशी पाच अंगं परंपरेने मोजली. या मापाने मोजलं तर कंत्राटदार सुटतो. त्याचा त्या दोन पोरांवर काडीचा राग नव्हता. त्याला तर त्यांची नावंही माहीत नव्हती. इंजिनिअरचाही नव्हता, टेंडर काढणाऱ्याचाही नव्हता. सगळ्यांची मनं शांत, आणि दोन माणसं मेलेली.

म्हणून मला बाबासाहेबांनी धम्माची केलेली मांडणी लागते. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये ते म्हणतात की धम्म सामाजिक आहे, माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसं एकत्र आली की हवाच. धम्म म्हणजे माणसामाणसांमधले योग्य संबंध. एकदा हे मान्य केलं की ‘घातये’चा अर्थ सुपारी देणाऱ्यापाशी संपत नाही. पट्ट्याचे पैसे वाचवणारा त्यात येतो, आणि ते पैसे वाचतायत हे ठाऊक असून सही करणाराही येतो. परंपरेतल्या कुणाला हे ताणलेलं वाटेल. वाटू दे. पण तिपिटकातच, बुद्धवचनांच्या मूळ पाली संग्रहातच, त्याचं मूळ आहे. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात राजा सगळं रीतसर करतो, फक्त गरिबाला धन देत नाही. त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रं, शस्त्रांतून हत्या, हत्येतून खोटेपणा, अशी साखळी सुत्तात दिली आहे. कूटदंत सुत्तात चोर-दरोडेखोर माजलेत म्हणून राजाला पुरोहित सल्ला देतो की फाशी आणि हद्दपारीने हे थांबणार नाही; शेतकऱ्याला बी-बियाणं दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकराला पगार दे. अडीच हजार वर्षांपूर्वीची परंपरा हिंसेचं कारण पगारात शोधते, आणि आपण अहिंसा म्हटलं की डोळे मिटून बसतो.

डोळे मिटून बसण्यावर माझा राग नाही हं. मी रोज पहाटे वीस मिनिटं बसते. नाही बसले तर दुपारी ऑफिसातल्या बाबूवर ओरडते, हा माझा अनुभव.

तू द्वेषाचं विचारलंस, त्याकडे येते. धम्मपदातच आहे: उसळलेला राग जो भरधाव रथासारखा आवरून धरतो त्याला मी सारथी म्हणतो, बाकीचे नुसते लगाम धरणारे. कसाऱ्याच्या घाटात एसटी उतरवणारा ड्रायव्हर बघ. गाडीचा वेग त्याचा शत्रू नसतो, वेगाशिवाय गाडी नाशिकहून कल्याणला येणार कशी? तो गिअर खाली टाकून उतरतो. राग आला याची लाज बाळगू नकोस. सात जणांसमोर अपमान झाल्यावर राग न येणं हे मला तब्येतीचं लक्षण वाटत नाही. प्रश्न एवढाच की गाडी कोण चालवतंय.

ते ओळखायची माझी एक खूण आहे. अभयराजकुमार सुत्तात तथागत राजपुत्राला विचारतात, तुझ्या मांडीवरच्या बाळाने काडी नाहीतर खडा तोंडात घातला तर काय करशील? तो म्हणतो, काढीन. सहज निघाला नाही तर डाव्या हाताने डोकं धरून उजव्या हाताचं बोट वाकडं करून काढीन, रक्त आलं तरी काढीन. कारण? बाळाविषयीची अनुकंपा. हे बोलणं चाललंय ते वाणीबद्दल. जे खरं आहे आणि हिताचं आहे ते ऐकणाऱ्याला कडू लागलं तरी तथागत योग्य वेळ बघून बोलतात. तेव्हा दुखणं आणि हिंसा या एक गोष्टी नव्हेत. तुझ्या तक्रारीने त्या टीम लीडला दुखेल. त्याची बढती अडेल, रात्रीची झोप उडेल. उडू दे. तू स्वतःला एवढंच विचार, मला खडा काढायचाय की जबडा मोडायचाय? खडा काढायचा असेल तर बोटाला जेवढं वाकावं लागेल तेवढंच वाकतं. त्याच्या बायकोचा फोटो, त्याच्या मुलाची शाळा, त्याचा नंबर मित्रांच्या ग्रुपवर टाकणं, यातलं काहीच खडा काढायला लागत नाही.

मित्रांना महाडचं सांग. त्यांच्या टी-शर्टवर ते चित्र असेलच. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी पिऊन माणसं मंडपात परतली, जेवणं चालू होती, आणि गावात अफवा उठवली गेली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव लाठ्या घेऊन आला, अन्न मातीत कालवलं, दिसेल त्याला झोडपलं. आलेल्या लोकांत पलटणीतून निवृत्त झालेले कितीतरी शिपाई होते, लढाई म्हणजे काय ते जाणणारे. बाबासाहेब डाक बंगल्यात होते. त्यांनी ‘हो’ म्हणायची खोटी होती. त्यांनी आवरलं. पण आवरून घरी गेले नाहीत. हल्लेखोरांवर खटले झाले, काहींना शिक्षा झाल्या. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहासाठी माणसं जमली तेव्हा कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला, तोही पाळला, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तळ्याचा दावा मुंबई हायकोर्टात निकाली निघाला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं. तेव्हा बाबासाहेब बौद्ध झाले नव्हते, धर्मांतराची घोषणासुद्धा १९३५ ची. पण मला त्या दहा वर्षांत धम्म दिसतो.

बाबासाहेबांनी अहिंसेला नियम मानलं नाही, तत्त्व मानलं. नियम एक तर तुम्ही मोडता किंवा तो तुम्हाला मोडतो. तत्त्व विचार करायला मोकळीक ठेवतं. मारायची इच्छा आणि मारायची गरज यांत ते फरक करतात. मुलीवर हात टाकणाऱ्याला ढकलून पाडणारी आई शील मोडत नाही. तुझे मित्र मात्र ‘गरजे’चा हा दाखला देऊ शकत नाहीत. तक्रारीचा रस्ता उघडा आहे, तुझ्या जिवाला आज धोका नाही, गेटबाहेर गाठणं ही निव्वळ इच्छा आहे. शिवाय दोन ठेवून दिल्या की आरोपी तू होशील आणि तो जखमी.

कुणी म्हणेल, पोलीस आणि तुरुंग हाही दंडच की, मग अहिंसा कुठे राहिली? रास्त शंका आहे. नालासोपाऱ्याला सापडलेले अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत, वर्गातल्या मुलांना मी ते दाखवून आणते आणि तिथे हेच बोलते. कलिंगात लाखभर माणसं मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली आणि राजाला पश्चात्ताप झाला, हे त्याने स्वतः दुसऱ्या एका शिलालेखात कोरून ठेवलं. पण त्याच लेखात तो रानातल्या लोकांना बजावतोही की पश्चात्ताप झाला तरी माझ्यात ताकद आहे. त्याने फाशी बंद केली नाही, फाशीच्या कैद्याला तीन दिवसांची मुदत दिली. मला तो अर्धामुर्धा वाटतो. पण राज्य चालवणारा धम्म असा अडखळतच चालतो. कायद्याचा दंड आणि टोळीचा दंड यांत मी फरक करते, कारण कायद्यासमोर त्या टीम लीडलाही बोलायला मिळतं.

घरात कुणी ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल’ म्हणालं तर तिथेच थांबव. सुखदुःख सगळं पूर्वकर्मानेच होतं, हे मत तथागतांनी सीवक परिव्राजकाशी बोलताना साफ नाकारलंय: पित्ताने होतं, वाताने होतं, ऋतू बदलल्याने होतं, कुणी मारल्याने होतं. जातीचा अपमान ‘कुणी मारल्याने’ या खात्यात जातो.

आणि बौद्ध म्हटलं की अहिंसक असंही धरू नकोस. १९५९ मध्ये श्रीलंकेच्या पंतप्रधानांना, बंडारनायकेंना, गोळ्या घालणारा चीवरधारी भिक्खू होता. म्यानमारमध्ये मुसलमानांविरुद्ध आग ओकणारे भिक्खू आपण टीव्हीवर पाहिले. एवढं लांब तरी कशाला जायचं? सकाळी पंचशील म्हणून संध्याकाळी बायकोवर हात उचलणाऱ्याची बायको रविवारी माझ्याच वर्गात मागच्या रांगेत बसते, पदर गालावर ओढून. तिची तक्रार लिहायला गेलं की विहाराचे पदाधिकारी म्हणतात, ‘ताई, घरातलं आहे, समाजाची बदनामी होईल.’ तेव्हा त्यांना वैराची गाथा बरोबर आठवते. गाथा नेहमी मार खाणाऱ्यालाच ऐकवली जाते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कुणी ती म्हणायला लागलं की मी आधी बघते, म्हणणारा कुठे उभा आहे. तुझे वडील तुझ्या भल्यासाठी म्हणतायत, त्यांनी स्वतः काय काय गिळलंय ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्यावर चिडू नकोस. १९९७ च्या ११ जुलैला रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं गेली. घाटकोपरच्या त्या पिढीला ‘गप्प राहा’ म्हणायला कारणं आहेत.

आता कामाचं. कागद घे आणि आज रात्रीच लिही. तारीख, वेळ, खोली, कोण कोण बसलं होतं. तो जे बोलला ते जसंच्या तसं, अवतरणात. तुला काय वाटलं ते एका ओळीत. मग लाल पेन घेऊन विशेषणं खोड. ‘नीच’, ‘जातीयवादी’, ‘नेहमीप्रमाणे’, सगळं. हे मी भाषेसाठी सांगत नाही. एकेक विशेषण खोडताना तुझ्या लक्षात येईल की द्वेष कुठे कुठे दडला होता, आणि खोडल्यावर मजकूर दुबळा होत नाही, उलट टोकदार होतो. सम्यक वाचेचा इतका चांगला सराव मला दुसरा सापडलेला नाही.

कंपनीकडे ईमेलने दे, म्हणजे नोंद राहते. पोलिसात जायचं ठरवलंस तर कायदा १९८९ चा, अ‍ॅट्रॉसिटीचा. ‘तू तर बौद्ध, तुला लागू नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० पासून केंद्रातही तो दर्जा आहे. जातीचा दाखला जवळ ठेव. बोलणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसला पाहिजे, आणि अपमान लोकांच्या देखत झालेला असला पाहिजे. बंद मीटिंग रूम ‘लोकांच्या देखत’मध्ये येते का यावर समोरचा वकील हटकून वाद घालेल. गुन्हा नोंदवायला आधी प्राथमिक चौकशी लागत नाही, आणि मुंबईत तपास सहायक पोलीस आयुक्त दर्जाचा अधिकारी करतो. पण एक आधीच ठरव: पोलिसात गेल्यावर तुम्ही दोघांनी हात मिळवले म्हणून प्रकरण मिटत नाही. तुला त्याची माफी पुरणार असेल तर ती आधी कंपनीत माग, लेखी, आणि त्याच खोलीत, त्याच सात-आठ जणांसमोर. माझं मत विचारशील तर पहिली पायरी हीच. तो नाही म्हणाला किंवा तुझ्यावरच उलटला, तर दुसरी पायरी चढायला कचरू नकोस.

जे हसले त्यांच्यात एखादा तरी असेल जो उशिरा हसला, किंवा हसून खाली बघत बसला. तो कोण ते आठव. त्याला ऑफिसात गाठू नकोस, मेसेजही करू नकोस. बाहेर चहाला ने आणि सरळ विचार की तुला काय ऐकू आलं होतं.